पट्टा सैल

ते घड्याळच होतं, पण वेळ दाखवत नव्हतं. काळा रबरी पट्टा आणि मधे बोराएवढा दिवा, बस. दिवाळीनंतर कामाच्या पहिल्याच सकाळी सुपरवायझर प्रितमने ते कमळीच्या मनगटावर आवळलं, तेव्हा तिने हात उलटासुलटा करून पाहिला.

“किती वाजलं ते कुठं दिसतंय?” तिने विचारलं.

“तुला नाही दिसत. आम्हाला दिसतं,” प्रितम म्हणाला आणि त्याने पुढच्या बाईचा हात धरला.

कमळी आणि तिचा नवरा बाळ्या अय्यूबशेठकडे येऊन चौदा वर्षं झाली होती. डोंगराकडची कातकरी वाडी त्यांनी तेव्हाच सोडली, आणि पुढे त्या वाडीवर कुणाच्या तरी फार्महाऊसचं कुंपण पडलं, म्हणजे परतायची वाटही मिटली. त्या वेळी इथे विटांची भट्टी होती. पनवेलहून तळोज्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कासाडी नदीच्या काठाला. भट्टीवर माणूस मोजत नसत, जोडी मोजत. नवऱ्याने माती मळायची, बायकोने साच्यात भरून विटा थापायच्या, आणि दिवस कलला की जोडीचा ढीग बघायचा. कुणाचा हात किती चालला, हे विचारायची रीत नव्हती. संजनाचा जन्म भट्टीवरच झाला, कोपऱ्यातल्या पळसाखालच्या खोपटात. कमळी बारा दिवस बाजेवर होती आणि बाळ्या एकटाच मळत होता, एकटाच थापत होता. तेराव्या दिवशी अय्यूबशेठने ढीग पाहिला आणि म्हणाला, “जोडीचं भरलं ना? मग झालं. घरून हुस्नबानोनं पोरीसाठी टोपडं पाठवलंय, घेऊन जा.” विषय संपला.

मग नदीकाठची माती संपली, भट्टीचा धूर नको म्हणून सरकारी कागद आला, आणि शेठचे गुडघेही गेले. त्याचा मुलगा माज खारघरला इंजिनियर होऊन आला होता. त्याने भट्टी मोडून तिथे सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना टाकला. भोवती तारेची जाळी, जाळीला एक फाटक, फाटकाबाहेर काचेची केबिन आणि मागे पत्र्याच्या दहा खोल्या. खोली जोडीलाच मिळायची. एवढी एक गोष्ट शेठने मुलाकडून हट्टाने जुनी राखून घेतली होती. दोघांपैकी एकाचं काम सुटलं की खोली सुटली.

ब्लॉक घेणारा होता एक मोठा बिल्डर, खारघरकडे चाळीस मजले चढवणारा. त्याला नुसते ब्लॉक नको होते. कुठला ब्लॉक कधी पाडला, त्याला पाणी किती, तो कुणाच्या हातून गेला, सगळं त्याला त्याच्या ऑफिसात बसल्या जागी दिसायला हवं होतं. म्हणून माजने यंत्रांना यंत्रं जोडली. वाळू किती ओली ते मिक्सर आपणच सांगू लागला, आणि थप्प्यांवर पाणी मारायची वेळ झाली की नळ आपणच उघडू लागले. त्यामुळे पाणी मारणाऱ्या चार बायका घरी गेल्या. ज्या दिवशी पट्टे वाटले त्या दिवशी माजने सगळ्यांना उभं करून समजावलं होतं, “आता इथली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूशी बोलणार.”

वस्तू बोलू लागल्या आणि माणसांची बोलती बंद झाली. दोन बायका थप्पीशी जरा टेकल्या, एकीने दुसरीच्या पोराची चौकशी केली, की पट्टा थरथरून मनगटात कुरकुर सुरू. दहा मिनिटं हात हलला नाही की कुरकुर. मुतायला वेळ लागला तरी कुरकुर. दिवा हिरवा असला की सगळं ठीक, पिवळा झाला की हातपाय हलवा, लाल झाला की प्रितम केबिनमधून धावत येणार. एरवी तो काचेआड बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. बायकांनी पट्ट्याचं नाव गोचीड ठेवलं. गुरांची गोचीड निदान ओढून चिरडता येते.

म्हाताऱ्या शेठची गत आणखी वाईट. फाटक पट्टा दाखवला की उघडायचं, आणि पट्टा नसलेल्याने बोट लावायचं. शेठने उमर विटामातीत घातलेली, बोटं घासून गुळगुळीत झालेली. लावलं की फाटकाचा दिवा लाल. स्वतःच्या जमिनीच्या फाटकाशी तो खुर्ची टाकून बसायचा आणि आत जाणाऱ्या मजुराला म्हणायचा, “जरा मलाही घे रे आत.” लोक हसत. तोही हसायचा, पण तोंडदेखलं.

होळी पंधरा दिवसांवर आली होती. कोपऱ्यातला पळस लालभडक झाला होता, आणि पत्रा दुपारी हात लावू देत नव्हता. कमळीला तिसरा महिना होता. तिने हे फक्त बाळ्याला सांगितलं होतं. पोट दिसायला लागेपर्यंत बोलायचं नाही, असं तिची आई सांगायची. संजनाच्या पाठीवर तेरा वर्षांनी दिवस राहिले होते. बाळ्या तेव्हापासून ब्लॉकच्या जड फळ्या आपल्याकडे ओढायचा, तिला हलक्या द्यायचा.

मंगळवारी जेवून उठल्यावर तिच्या ओटीपोटात पहिली कळ आली. ती फळीवरचे ब्लॉक उचलून थप्पीला लावत होती. वाकली की कमरेतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. बाळ्या तेव्हा दुसऱ्या टोकाला, मिक्सरपाशी होता. तिने दात आवळून आणखी एक फळी रिकामी केली. तिसऱ्या फळीला मनगटावरचा दिवा लाल झाला.

प्रितम आला. हातात मोबाईल, केस पाण्याने चोपलेले.

“लाल का मारतोय तुझा?”

“दुखतंय,” कमळी म्हणाली. पंचवीस वर्षांच्या पोराला ती याहून जास्त काय सांगणार?

“काय दुखतंय? नाडी बघ कुठच्या कुठे गेली. पट्टा सैल आहे, म्हणून काहीपण दाखवतोय.” त्याने तिचा हात ओढला, पट्टा एक भोक आत घेतला, मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि तो गेला.

दिवा लालच राहिला. तो पुन्हा आला, आणखी एक भोक आवळून गेला. तिसऱ्या वेळी तर तो आलाच नाही. कमळी थप्पीला धरून उभी राहिली. मनगटात कुरकुर झाली तशी तिने पुन्हा ब्लॉक उचलला. मग पायावरून ऊन ऊन काही ओघळलं. ती थप्प्यांच्या मागे गेली, पदर तोंडात कोंबला आणि थप्पीला पाठ लावून खाली बसली. जे व्हायचं ते तिथे, सिमेंटच्या भुकटीत झालं. मनगटातली गोचीड तिला सारखी उठायला सांगत होती.

बाळ्याला कळलं तेव्हा ऊन कललं होतं. त्याने तिला खोलीवर नेलं, संजनाला तिच्यापाशी बसवलं आणि तो एकटा परत आत गेला. पोटातून पडलेलं त्याने पदराच्या फडक्यात गुंडाळलं आणि पळसाखाली पुरलं. त्यांचं जुनं खोपट जिथे होतं, संजना जिथे जन्मली, तिथेच. दुसरी कुठली जागा त्यांची म्हणायला नव्हतीच.

रात्री तिला ताप भरला. सकाळी उठू गेली ती पुन्हा अंथरुणावर बसली.

“तू पड,” बाळ्या म्हणाला.

“तीन दिस गेली नाय तर नाव गलतं. मंग खोली?”

“कोन बोलला खोली जानार? मी भरतंय ना तुजं. संजनाच्या टायमाला नव्हता भरला?”

“तवा भट्टी व्हती.”

“शेठ तोच हाय ना?”

त्याने तिच्या मनगटावरचा पट्टा सोडला. कातडीवर खोल वळ उठला होता. स्वतःचा पट्टा त्याच्या उजव्या हाताला होता, तिचा त्याने डाव्या हाताला बांधला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्याच ठेवल्या. लपवायचं कशाला? फाटकाशी शेठ बसला होता, त्याला त्याने दोन्ही हात दाखवून सांगितलंसुद्धा.

“शेठ, कमली आजारी हाय. तिचा मी भरतंय.”

“भर बाबा,” शेठ म्हणाला. “जोडीचं भरलं म्हणजे झालं.”

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बाळ्या एका घासात जेवायचा आणि पळत सुटायचा. मिक्सरपासून फळी ओढून आणायची हे त्याचं काम, थप्पी लावायची हे कमळीचं. तो फळी आणायचा, थप्पी लावायचा, पुन्हा फळीला धावायचा. बोटांची सालं निघाली, शुक्रवारी त्याला वाटी धरवेना. पण तिन्ही दिवस थप्प्या पुऱ्या भरल्या, उलट दोन-चार जास्तच. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणाल्या, “बाल्या, तुज्यासारखा नवरा मिलाया पुन्य लागतंय.” प्रितमने दोन्ही मनगटं पाहिली नव्हती असं नाही. पण मोबाईलवर दोन्ही दिवे हिरवे होते, आणि दिवे हिरवे असले की प्रितम माणसांकडे बघत नसे.

कमळी खोलीत पडून पत्र्याकडे बघायची. संजना शाळा बुडवून पेज शिजवत होती. शुक्रवारी संध्याकाळी कमळी तिला म्हणाली, “उद्या पाचवा दिस. मूठभर भात शिजव, बिनमिठाचा.” तिच्या आईने अशाच गेलेल्या दोन जिवांना पाचव्या दिवशी पळसाच्या पानावर भात ठेवला होता. त्याने काय होतं ते आईने सांगितलं नव्हतं. ठेवायचा एवढंच.

शनिवारी सकाळी बाळ्याने फाटकाला उजवं मनगट दाखवलं. लाल. डावं दाखवलं. लाल. मागे रांग अडली. त्याने पुन्हा उजवं दाखवलं, पट्ट्यावर थुंकी लावून पुसला, पुन्हा दाखवला. प्रितमने केबिनचं दार उघडून सगळ्यांदेखत हाक मारली, “ए बाळ्या, तू इकडे ये. बाकीचे आत चला.”

संजनाने हे खोलीच्या दारातून पाहिलं. ती धावत आईकडे गेली आणि कमळी तिच्या खांद्याला धरून उठली. खोलीपासून केबिनपर्यंत शंभर पावलं असतील, कमळी वाटेत दोनदा थांबली.

त्या पोचल्या तेव्हा बाळ्या मान खाली घालून टेबलापुढे उभा होता. समोर माज, बाजूला प्रितम. अय्यूबशेठ काठी टेकत दारात येऊन उभा राहिला होता. माज लहान असताना बाळ्याने त्याला खांद्यावर घेऊन भट्टी दाखवली होती, तेव्हा तो काका म्हणायचा. आता नुसतं बाळ्या म्हणायचा.

“हे बघ,” माजने स्क्रीन वळवली. “ही निळी रेषा तू. ही तांबडी कमळी. मंगळवारपर्यंत वेगवेगळ्या. बुधवारपासून एकावर एक. चालणं एक, जागा एक, नाडीचा ठोकासुद्धा एक. दोन माणसांचं काळीज असं चालत नाही, बाळ्या.”

“ती आजारी हाय. तिचा मी भरला.”

“याला बोगस हजेरी म्हणतात.”

“बोगस?” बाळ्याने मान वर केली. “थप्प्या मोजा ना. एक बलाक कमी असंल तर माजी मान कापा.”

“थप्प्या बरोबर आहेत. तेच तर!” माज वैतागला. “काम बरोबर आहे, पण माणूस खोटा आहे. बिल्डरकडे कमळीच्या नावावर तीन दिवसांचे ब्लॉक गेलेत, आणि कमळी आत नव्हतीच. त्यांच्या सिस्टमने पकडलं, माझ्या नाही. रात्री त्यांचा मेल आला. दोघांना काढा, नाहीतर माल थांबवतो.”

“माज,” शेठ दारातून म्हणाला, “मला सांगून केलंय त्यानं. मी हो म्हटलं.”

“अब्बा, तुम्ही हो म्हणून काय होतं? तुम्ही सिस्टममध्ये आहात का?”

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. आपण कशात कशात नाही, हे त्याला फाटक रोज सांगतच होतं, आज मुलाने सांगितलं.

“सुट्टी मागायची ना,” माज पुन्हा बाळ्याकडे वळला. “आजारपणाची सुट्टी आहे. मोबाईलमध्ये बटण आहे त्याला.”

बाळ्याने खिशातला बटणांचा मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

“उद्यापर्यंत खोली रिकामी करा,” माज म्हणाला. ते म्हणताना तो बघत होता स्क्रीनकडे. “माझाही इलाज नाही.”

तेव्हा कमळी पुढे आली. टेबलाची कड धरून उभी राहिली. घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते.

“त्यात मंगलवार हाय?” तिने विचारलं.

“काय?”

“मंगलवार. मी व्हतू ना आत. मी खरी व्हतू तवाचा दाखव.”

माजने प्रितमकडे पाहिलं, मग बोटाने रेषा मागे सरकवली. तांबडी रेषा दुपारपर्यंत शांत होती. तिथून ती उसळली होती, पडली होती, पुन्हा उसळली होती.

“वाच गं,” कमळी मुलीला म्हणाली.

संजना सातवीत होती. ती पुढे वाकून शाळेत धडा वाचावा तसं एकेक वाचू लागली. “दोन वाजून दहा मिनिटं, लाल. शेरा, पट्टा सैल, घट्ट केला. दोन पंचवीस, लाल. शेरा, पट्टा सैल, घट्ट केला. दोन चाळीस, लाल. दोन पन्नास, लाल. तीन वाजून पाच, लाल. कामगार खाली बसलेला, कुरकुर दिली. तीन दहा, कामगार खाली बसलेला, कुरकुर दिली. तीन पंधरा...” पुढचं तिने वाचलं नाही. आई तिला फक्त ताप आहे म्हणाली होती, पण पोर काय ते त्या क्षणी समजली.

“माजं पोर पडला तवा,” कमळी म्हणाली. “त्या थप्पीच्या मागं. पट्टा सैल नवता. वल बघ अजून.”

तिने हात टेबलावर ठेवला. प्रितम दाराकडे बघू लागला. शेठ पुटपुटला, “या अल्ला.”

“काकी,” माजच्या तोंडून निघालं, बऱ्याच वर्षांनी. “मला... मला दिसलंच नाही हे.”

“तुला नाय दिसला. त्याला दिसला व्हता,” तिने स्क्रीनकडे बोट केलं. “त्यानं सगल्यांना सांगलं. मंगलवारी त्याचा कुनी आयकला नाय, आनि आज आयकला. ते पट्टा सैल लिवलंय ते पूस आनि खरा काय ते लिव.”

माजने खरंच दोनदा बोट लावून पाहिलं. “नाही पुसता येत. एकदा वर गेलं की बदलत नाही.”

“मंग आमाला काडलं तेचा काय लिवनार?”

तो स्क्रीनकडे वळला. कारण निवडल्याशिवाय नाव बंद होत नव्हतं आणि यंत्राने पाच कारणं पुढे धरली होती. चोरी, मारामारी, दारू, बोगस हजेरी, स्वेच्छेने काम सोडले. माजने ती यादी दोनदा खालीवर केली. मग, आपण त्यांचं भलंच करतो आहोत अशा समजुतीने, त्याने शेवटचं निवडलं.

“तुम्ही आपणहून सोडलं असं टाकतो. म्हणजे दुसरीकडे काम मिळेल. बोगसचा डाग नको.”

“आपनहून,” बाळ्या म्हणाला. त्याने दोन्ही पट्टे सोडले आणि टेबलावर टाकले. त्याच्या दोन्ही मनगटांवर पांढरे पट्टे उमटले होते.

प्रितमने ते पट्टे उचलून भिंतीवरच्या डब्यात खोचले. खोचताक्षणी कमळीच्या पट्ट्याचा दिवा हिरवा झाला. ती त्याच्याकडे बघत राहिली. “बघ,” ती म्हणाली, “आता बरी हाय म्हनतंय.”

तिघं बाहेर आली, मागोमाग शेठ. माजने मोबाईल कानाला लावला. बिल्डरला कळवायचं होतं, गाडी भरून उभी होती.

संजना खोलीवर जाऊन भात घेऊन आली. वाटीवर फडकं होतं. कमळीने वाटी हातात घेतली आणि ती फाटकाशी गेली. आत, थप्प्यांच्या पलीकडे कोपऱ्यात, पळस दिसत होता.

“शेठ, पाच मिन्टं आत जाऊ दे,” ती म्हणाली. “पानावर भात ठेवतू नि येतू.”

शेठने काय, कशाला, काही विचारलं नाही. भट्टीवरच्या चाळीस वर्षांत त्याने अशा बायका पाहिल्या होत्या. तो काठी सावरत पुढे झाला आणि त्याने बोट लावलं. लाल. बोट सदऱ्याला पुसून पुन्हा लावलं. लाल. त्याने दुसऱ्या हाताचं बोट लावलं, मग अंगठा. मग तो केबिनकडे वळून ओरडला, “माज! अरे माज, फाटक उघड!”

काचेआड माज मोबाईलवर बोलत होता. त्याने बापाकडे पाहिलं आणि हाताने एक मिनिट अशी खूण केली.

कमळीने थोडा वेळ वाट पाहिली. उभं राहवेना तशी ती जाळीपाशी खाली बसली. तिने वाटीतला भात मुठीत घेतला आणि हात जाळीखालून आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल तारेला लागला. तिथे पान नव्हतं, नुसती सिमेंटची भुकटी होती. पळस अजून चाळीस पावलं लांब होता. तिने मूठ तिथेच उघडली.

मागे शेठ फाटकाला बोट लावतच होता.